एसटीचं भाडं, खोलीचं भाडं आणि कर्मवीर भाऊराव पाटील

जून महिना आला की सातारा-सांगलीतल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. पोरगा किंवा पोरगी दहावी-बारावी पास झालेली असते. गावात पुढची सोय नसते. मग रोज एसटीने जायचं की शहरात खोली घ्यायची? पासला किती, खोलीला किती, मेसला किती, आणि पहाटेची गाडी चुकली तर वडापला किती? मुलाण्यांचं घर असो, आताराचं असो, बागवानाचं असो, नाहीतर शेजारच्या पाटलांचं. हा हिशेब जमला तर शिक्षण पुढे जातं, नाही जमला तर पोरगा गॅरेजवर आणि पोरगी घरात. गुणांचा संबंध बऱ्याचदा नंतर येतो.

हा हिशेब नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात एक माणूस या एकाच प्रश्नाने झपाटला होता आणि त्याने आयुष्य त्यावरच खर्च केलं. त्याचं नाव आपल्या तोंडी इतकं बसलं आहे की त्याने नेमकं काय केलं हे आपण विसरून जातो. कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की शाळा, कॉलेज आणि रयतचा वटवृक्ष आठवतो. पण भाऊरावांनी सुरुवात शाळेपासून केली नव्हती. सुरुवात केली ती राहायच्या जागेपासून. आधी छप्पर आणि भाकरी, मग धडा. हा क्रम लक्षात ठेवला तर त्यांचं आयुष्य वेगळं दिसायला लागतं.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा. घराणं जैन. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, वाळवा तालुक्यातलं. आज ते सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. त्या काळी सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि मध्ये मध्ये औंध, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं पसरलेली होती. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे शिराळ्याच्या पोराला जिल्ह्याचं गाव म्हणजे सातारा, आणि सातारा म्हणजे कित्येक मैलांची पायपीट.

वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. बदलीच्या नोकरीमुळे भाऊरावांचं बालपण एका गावात गेलं नाही. अभ्यासात ते फार चमकले असं काही नाही. कुस्ती, तालीम, दोस्तमंडळी यांतच त्यांचा जीव रमायचा. शिवाशिवीची चीड मात्र लहानपणापासून होती आणि स्वभाव तापट. पुढे संस्था चालवतानाही हा तापटपणा गेला नाही, आणि त्यामुळे काही माणसं दुखावली हेही खरं.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. तेव्हाचं कोल्हापूर समजून घेतल्याशिवाय भाऊराव समजत नाहीत.

राजर्षी शाहू महाराजांना एक गोष्ट कळून चुकली होती. शाळा काढून भागत नाही. खेड्यातला पोरगा शहरात आला तर तो झोपणार कुठे आणि जेवणार कुठे? गरीब ब्राह्मण मुलांसाठी शहरात एक जुनी सोय होती. वार लावून जेवणं किंवा माधुकरी मागणं. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. अशा वारांवर जेवून कितीतरी मुलं शिकली, वकील झाली, प्राध्यापक झाली. हालाखीचंच जिणं ते, पण दार तरी उघडं होतं. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या, मांगाच्या किंवा मुसलमानाच्या पोराला अशी सात दारं शहरात कुठे होती? त्याला खोली कोण देणार? खानावळीत पंगतीला कोण बसवणार? त्याचं शिक्षण फीमुळे नाही, छप्परामुळे अडायचं.

म्हणून महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगांची रांगच उभी केली. 1901 साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं, त्यामागोमाग जैन, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं झाली. 1906 मध्ये मुस्लिम समाजासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. त्या सोसायटीचं अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतलं, ही बाब आपल्या समाजाने विसरण्यासारखी नाही. कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगने किती घरांत पहिला मॅट्रिक पास दिला, हे त्या भागातल्या जुन्या जाणत्यांना विचारा. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं.

भाऊराव राहायचे जैन बोर्डिंगमध्ये. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रिवाजाप्रमाणे आंघोळ करून शुद्ध होऊन आत या, असं त्यांना सांगण्यात आलं. भाऊरावांनी नकार दिला. शिवाशिव मानायचीच नाही तर आंघोळ कशाची? बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे होते, नियमाला कडक. भाऊरावांना बोर्डिंग सोडावं लागलं. नंतर त्यांना शाहू महाराजांच्या वाड्यावर आसरा मिळाला, म्हणून निभावलं. पण वीस-एकवीस वर्षांच्या पोराला डोक्यावरचं छप्पर एका दिवसात जातं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. आणि दुसरंही एक कळलं असावं, असं आपलं आम्हाला वाटतं. एकेका जातीचं बोर्डिंग ही सोय आहे, पण तिथेही भिंत आहेच. पुढे त्यांनी स्वतः बोर्डिंग काढलं तेव्हा ही भिंत ठेवली नाही.

लठ्ठ्यांशी त्यांचं नातं इथे संपलं नाही. 1914 च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. त्यात लठ्ठ्यांना गोवायचा घाट होता आणि भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणलं गेलं. कोठडीत छळ झाला. त्या छळापायी त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. पण ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगमधून काढलं होतं, त्याच्याविरुद्ध खोटं बोलायला ते तयार झाले नाहीत. साक्ष म्हणजे अमानत, हे आपल्याकडे घराघरांत शिकवतात. त्या कोठडीत भाऊराव त्याच कसोटीला उतरले.

या आधी-नंतर पोटासाठी त्यांनी नाना उद्योग केले. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायला लागले. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे कंदील विकले. मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. फिरत्या विक्रेत्याचं काम. या फिरतीने भाऊरावांना जे दिलं ते कुठल्या कॉलेजने दिलं नसतं.

तेव्हाची फिरती कशी होती ते बघा. पुण्याहून मिरजेला जाणारी मीटरगेज रेल्वे होती. पण ती गावांना वळसा घालून जायची. साताऱ्याच्या माणसाला रेल्वे धरायची तर सातारा रोडला जावं लागे, आणि ते स्टेशन गावापासून मैलोगणती दूर, कोरेगाव तालुक्यात. कराडचं स्टेशनही शहरात नाही, ओगलेवाडीच्या अंगाला. पाटण, जावळी, माण, खटाव, शिराळा, जत या भागांना तर रुळच माहीत नव्हते. एसटी नावाची गोष्ट जन्मायची होती, पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर 1 जून 1948 ला धावली. त्याआधी बैलगाडी, घोडं, नाहीतर पाय. साहेबांना आणि अंमलदारांना दौऱ्याचा भत्ता मिळायचा, घोड्याला चंदी मिळायची. शाळकरी पोराला काय मिळायचं? सात-आठ मैलांवरच्या शाळेत जाऊन-येऊन करणं म्हणजे दिवसाचे पाच तास पायात. पावसाळ्यात कृष्णा-वारणेला पूर आला की शाळा बंदच. कंदील आणि नांगर विकत गावोगाव हिंडताना भाऊरावांनी हे रोज पाहिलं. हुशार पोरं गुरांमागे फिरत होती, कारण शाळा लांब होती आणि शाळेजवळ राहायला जागा नव्हती.

या फिरतीत त्यांनी आणखी एक पाहिलं असणारच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर 1910 मध्ये कारखाना थाटला होता. जमीन औंधच्या राजाने दिली होती. कारखान्याबरोबर कामगारांची घरं उभी राहिली आणि माळाचं किर्लोस्करवाडी हे गाव झालं. स्टेशन जवळ, काम जवळ, घर जवळ. कामाच्या जागी राहायची सोय झाली की माणसाचं आयुष्य कसं बदलतं, याचा हा नमुना सातारा-सांगलीच्या मुलखातच होता.

वसतिगृहाचा पहिला प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दुधगावला केला होता, 1910 च्या सुमारास. वारणाकाठचं हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातलं. तिथल्या आश्रमात वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची. मग 1919 साल उजाडलं. भाऊराव आता सत्यशोधक चळवळीत पुरते उतरले होते. कराड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधकांची परिषद भरली होती. 4 ऑक्टोबर 1919, दसऱ्याचा दिवस. त्या दिवशी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच रयत. एका जातीचं नाव नाही, देवाचं नाही, दात्याचंही नाही. काल्यात बोर्डिंग सुरू झालं, नंतर वाळव्यातल्या नेर्ल्याला झालं. 1924 मध्ये संस्थेचा मुक्काम साताऱ्याला हलला.

साताऱ्याच्या बोर्डिंगची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

मोजक्या मुलांनिशी ते सुरू झालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी पोरं एका छपराखाली. वेगळ्या पंगती नाहीत, वेगळा पाण्याचा माठ नाही. आज वाचताना हे सोपं वाटतं. 1924 च्या साताऱ्यात ते सोपं नव्हतं. ज्या घरांतून ही पोरं आली होती त्या घरांनाही ते पचवावं लागलं. मुस्लिम आईबापांना आपलं पोर धर्माला मुकेल अशी धास्ती वाटली असेल, मराठा आईबापांना पोर बाटेल अशी. तरीही पोरं पाठवली गेली, कारण दुसरा रस्ता नव्हता, आणि भाऊरावांवर भरोसा होता. बोर्डिंग पुढे धनिणीच्या बागेत उभं राहिलं. 25 फेब्रुवारी 1927 ला महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

पैसा कुठून यायचा? इथेच भाऊरावांची खरी हुशारी दिसते. पोरांनी आपलं काम आपण करायचं. दळण पोरांनी दळायचं, स्वयंपाक पोरांनी करायचा, शेतात राबायचं, इमारतीसाठी दगड फोडायचे. श्रम करा आणि शिका, ही रीत इथून निघाली, तीच पुढे कमवा आणि शिका म्हणून विद्यापीठांपर्यंत पोचली. गावागावांतून मुष्टिफंड गोळा व्हायचा. घरच्या बाईने रोज दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला टाकायचं, ते साठलं की बोर्डिंगला. श्रीमंताच्या हजार रुपयांपेक्षा हजार घरांच्या मुठी बऱ्या, असा तो हिशेब होता. आपल्याकडेही हे नवं नाही. मदरशांच्या आणि यतीमखान्यांच्या चुली अशाच मुठीवर कितीतरी ठिकाणी पेटलेल्या आहेत.

आणि लक्ष्मीबाई. भाऊरावांच्या चरित्रात त्यांना दोन ओळी मिळतात, ते अन्यायाचं आहे. बोर्डिंगातल्या पोरांची आई त्याच होत्या. जैन घरातल्या सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, तिने सगळ्या जातींच्या पोरांना जेवू घातलं, आजारपणं काढली. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगसाठी गेले. एकदा भाऊराव फिरतीवर होते, बोर्डिंगात धान्य संपलं, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिलं. 1930 मध्ये त्या गेल्या. संस्थेचा मोठा पसारा त्यांनी बघितलाच नाही.

मधल्या काळात भाऊराव धनजीशा कूपर यांच्या पाडळीच्या कारखान्याशीही जोडले गेले होते. सातारा रोड स्टेशनजवळच हा कारखाना. त्यातून शिक्षणाला पैसा मिळेल ही आशा होती, ती फळली नाही आणि दोघांचं जोरात बिनसलं. त्यानंतर भाऊरावांनी धंद्याचा नाद सोडला आणि सगळा वेळ संस्थेला दिला.

पुण्यात शिकायला जाणाऱ्या पोरांसाठी 1932 मध्ये युनियन बोर्डिंग निघालं. 1935 ला साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज आलं. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाचं हायस्कूल. त्याच्या नावात फ्री आणि रेसिडेन्शियल हे दोन शब्द होते. म्हणजे फी नाही आणि राहायची सोय आहे. या दोनपैकी एक असून भागत नाही, हे ज्याला कळलं त्यालाच ते नाव सुचतं. 1947 ला छत्रपती शिवाजी कॉलेज, तेही त्याच धर्तीवर. 1954 मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज. साताऱ्याच्या संस्थेच्या विधी महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचं नाव आहे. कोर्टाकडे जाता-येता ती पाटी अनेकांनी वाचली असेल. ते नाव तिथे सहज आलेलं नाही, रयतच्या घरात मुस्लिम माणूस पाहुणा नव्हता एवढं त्यावरून कळतं.

पण बोर्डिंगला मर्यादा होती. किती पोरं ठेवणार? शंभर, पाचशे, हजार? मुलूख तर लाखोंचा. तेव्हा भाऊरावांनी प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. पोरगं शाळेजवळ आणता येत नसेल तर शाळा पोराजवळ न्या. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले मास्तर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर पाठवले. व्हॉलंटरी शाळा म्हणून त्या ओळखल्या जायच्या. देवळात, चावडीत, कुणाच्या सोप्यात, मिळेल तिथे. अशा शेकडो शाळा निघाल्या. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने 101 हायस्कुलं काढायचा संकल्प केला. 1948 मध्ये सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचं अनुदान थांबलं. म्हातारा पुन्हा झोळी घेऊन गावोगाव निघाला. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. लोकांनी दिलं. अनुदान पुढे सुरू झालं.

म्हणजे छप्पर आणि अंतर या दोन टोकांनी त्यांनी एकच गाठ सोडवायला घेतली होती. पोरगा आणि शाळा यांच्यामधला रस्ता कुणीतरी भरून काढायचा असतो. तो पैशाने भरा, खोलीने भरा, नाहीतर शाळा हलवून भरा. तो गरिबाच्या पायांवर टाकू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, असं त्यांच्या कामावरून दिसतं.

जानेवारी 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. जेमतेम सहावी इंग्रजीपर्यंत शिकलेला माणूस. 9 मे 1959 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्यात आहे. रयतच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत.

आता पुन्हा जूनच्या हिशेबाकडे.

एसटीमुळे अंतर खूप कमी झालं, हे मान्यच करावं लागेल. विद्यार्थ्याच्या मासिक पासात साधारण दोन तृतीयांश सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. म्हणून आज म्हसवडची अम्मी लेकीला घेऊन साताऱ्याला कॉलेज बघायला जाऊ शकते. पण जानेवारी 2025 मध्ये तिकीट जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं. ज्यांना सवलत नाही त्यांच्या खिशाला ते लागलंच. आणि सवलत असून गाडीच नसली तर? संध्याकाळी सहानंतर कितीतरी गावांना लालपरी जात नाही. शेवटचा तास बुडवून पोरं स्टँडकडे पळतात. प्रॅक्टिकल असलं की वडाप, आणि वडापला पास चालत नाही. पुणे-बंगळूर हायवे सहापदरी करायला, उड्डाणपूल बांधायला, बायपास काढायला पैसा कमी पडत नाही. चारचाकीवाल्याला साताऱ्याहून कोल्हापूर दोन-अडीच तासांत गाठता येतं. त्याच हायवेवरून दहा किलोमीटर आत असलेल्या गावाच्या पोराला कॉलेजला पोचायला तेवढाच वेळ लागतो. गाडी चालवणाऱ्याच्या सोयीवर खर्च झाला की विकास, एसटीवर झाला की तोटा, असं बोलायची आपल्याला सवय लागली आहे. एसटीचा तोटा मोजताना तिच्यामुळे शिकलेल्या मुली कोण मोजतं?

खोलीचं तर बोलायलाच नको. कराड, सातारा, सांगली, मिरज, इस्लामपूर, जिथे कॉलेजं आणि क्लास तिथे कॉट बेसिसचे दर. वर आपल्या पोरांना आणखी एक अडचण. फोनवर खोली शिल्लक असते, नाव सांगितलं की ती भरलेली असते. काही घरमालक सरळ सांगतात, काही गोडीत टाळतात. मग पोरगा मोहल्ल्यातच, एका खोलीत पाच-सहा जण, अभ्यासाला कोपरा नाही अशा जागेत राहतो, नाहीतर रोज तीन-चार तास एसटीत काढतो. मुलीच्या बाबतीत तर बहुतेक घरं तिथेच थांबतात. सगळ्यांकडेच हा अनुभव सारखा आहे असं नाही. कितीतरी हिंदू घरमालकांनी आपल्या पोरांना पोटच्या पोरासारखं ठेवलंय, त्याचीही आठवण ठेवायला हवी. पण नावावरून दार बंद होणं ही गोष्ट 1924 मध्ये होती आणि आजही आहे. भाऊराव असते तर त्यांना ती नवी वाटली नसती.

मुलींच्या बाबतीत भाऊरावांचं कामही उशिरा आणि कमी झालं, हे सांगायला हवं. त्यांची बोर्डिंगं आधी मुलांचीच होती. मुलींसाठी साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय झालं, नंतर वसतिगृहं झाली, पण पहिल्या पंचवीस वर्षांचं लक्ष पोरांवर होतं. काळ तसा होता, हे कारण आहे, पण पुरेसं नाही. लक्ष्मीबाईंच्या घरात वाढलेल्या संस्थेने हे आधी करायला हवं होतं.

आपल्या जमातींकडे शहरांत जागा आहेत. मशिदीच्या बाजूचे गाळे, वक्फच्या मिळकती, जुने वाडे, ईदगाहालगतच्या इमारती. त्यातले किती गाळे दुकानांना गेले आणि किती खोल्या शिकणाऱ्या मुलामुलींना मिळाल्या, हा हिशेब एखाद्या जुम्म्याच्या नमाजनंतर मांडायला हरकत नाही. कोल्हापूरकरांनी 1906 साली मांडला होता. सांगली, मिरज, कराडमध्ये काही तरुण मंडळी असं काही करू पाहतात, पुस्तकपेढी चालवतात, फी भरतात. फी भरणं सोपं आहे, एकदा भरली की झाली. खोली देणं कठीण, कारण ती रोज सांभाळावी लागते. पाणी, वीज, भांडणं, रात्रीची वेळ, जेवण. लक्ष्मीबाईंनी केलं ते हे.

आणि त्या खोलीत फक्त आपलीच पोरं असावीत का, हाही प्रश्न येणारच. जैन बोर्डिंगातून बाहेर काढलेल्या भाऊरावांनी स्वतःचं बोर्डिंग जैनांपुरतं ठेवलं नव्हतं. मशिदीच्या गाळ्यात शेजारच्या धनगराचं पोर राहिलं तर काय होईल, यावर घराघरांत मतं वेगवेगळी असतील. ती मोकळेपणाने बोलली जावीत.

सध्या कॉलेजांचे प्रवेश चालू आहेत. रयतच्या आणि इतर संस्थांच्या वसतिगृहांचे अर्ज प्रवेशाबरोबरच भरायचे असतात, नंतर जागा उरत नाहीत. एसटीचा पास काढायला शाळा-कॉलेजचा दाखला आणि फोटो लागतो, पहिल्या आठवड्यात रांग मोठी असते. ज्यांच्या घरी यंदा कुणी दहावी-बारावी झालंय त्यांनी ही दोन्ही कामं उद्यावर ढकलू नयेत.